सासूबाईंची मान एका रात्रीत धरली. 'स्पॉन्डिलोसिस' एवढे कारण पुरेसे आहे का?

द्राक्षमांडव (तासगाव तालुका)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. रविवारी रात्री त्या नेहमीप्रमाणे जेवून झोपल्या आणि सोमवारी पहाटे चारच्या सुमारास मानेतील कळेने त्यांना जाग आली. कळ अशी होती की उशीवरून डोके उचलण्यासाठी त्यांना ते दोन्ही हातांनी धरावे लागले. आज गुरुवार, म्हणजे चौथा दिवस आहे. दुखणे मानेच्या अगदी वरच्या भागात, कवटी जिथे संपते तिथे आहे. मान डावीकडे किंवा उजवीकडे जराही वळत नाही. कोणी हाक मारली तर त्या सबंध अंगाने वळतात. मंगळवारी संध्याकाळी अंग गरम लागले म्हणून ताप पाहिला, तर तो १००.६ भरला.

सध्या द्राक्षबागेत मणी विरळणीचे, म्हणजे घडांतील जास्तीचे मणी काढण्याचे, दिवस आहेत. आम्ही नको म्हणत असतानाही सासूबाई मागील आठवड्यात रोज चार-पाच तास मांडवाखाली मान वर करून घड विरळत होत्या, त्यामुळे घरातील सर्वांनी एकमताने ठरवले आहे की हे त्याचेच दुखणे आहे. सुरुवातीला मलाही ते पटले होते. परंतु शुक्रवारपासून त्यांनी कामाला हातही लावलेला नाही, शनिवारी आणि रविवारी त्यांना काहीही त्रास नव्हता, आणि श्रमाच्या दुखण्याला ताप का यावा हे मला समजत नाही.

गावातील डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला, त्यात मणक्यांमधील अंतर कमी झाले आहे आणि कडांना हाड वाढले आहे असे सांगून 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस' असे निदान लिहिले, गळपट्टा आणि गोळ्या दिल्या. गळपट्ट्याने बसल्या जागी थोडा आराम पडतो, पण कूस बदलताना त्यांच्या तोंडून किंकाळी निघते. माझ्या मोठ्या दिरांनी शेजारच्या गावातील एका मान बसवणाऱ्या गृहस्थांकडे नेण्यासाठी शनिवारची गाडीही सांगून ठेवली आहे. ते झटका देऊन मान मोकळी करतात असे म्हणतात.

माझा प्रश्न एवढाच आहे की स्पॉन्डिलोसिस एका रात्रीत इतका वाढू शकतो का, आणि नसेल तर खरे कारण शोधण्यासाठी कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने कराव्यात? सासूबाईंना रक्तदाबाची गोळी अनेक वर्षांपासून चालू आहे. मधुमेह नाही.

निवृत्त फिजिशियन (मिरज)

ताई, आपल्याला जी शंका आली आहे ती योग्य आहे. प्रथम शनिवारची गाडी रद्द करावी. कारण कळेपर्यंत त्यांच्या मानेला कोणीही झटका देऊ नये, मालिशही करू नये.

स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची आणि त्यांमधील गाद्यांची वयोमानाने झालेली झीज. ती वर्षानुवर्षे हळूहळू होते. एकाहत्तराव्या वर्षी एक्स-रे काढल्यावर ती दिसली नसती तरच मला नवल वाटले असते. ती रविवारीही तेथे होती, मागच्या दिवाळीतही होती, आणि तेव्हा त्यांची मान दुखत नव्हती. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ स्वयंसेवकांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८७.६ टक्के लोकांमध्ये गादी मागे फुगलेली आढळली. म्हणून चित्रात जे दिसते तेच दुखण्याचे कारण असे मानणे ही फार मोठी चूक ठरू शकते. सेवेच्या काळात मी स्वतः ती काही वेळा केली आहे आणि त्याची खंत मला आजही वाटते.

कारण शोधण्याचे काम यंत्रापेक्षा प्रश्नांनी अधिक होते. म्हणून आधी मला पुढील गोष्टी सांगाव्यात. दोन्ही हातांची पकड पूर्वीसारखी आहे का, ब्लाउजची हुकं त्यांना स्वतःला लावता येतात का, चालताना तोल जातो का, आणि लघवी अडते किंवा नकळत होते का? यांपैकी एकाचेही उत्तर काळजीचे असेल, तर मज्जारज्जूवर दाब येत आहे असे समजून आजच मोठ्या रुग्णालयात जावे लागेल. मणक्याच्या आत पू झाला असेल किंवा रक्त साकळले असेल, तर सुरुवात अशीच तीव्र मानदुखीने होते आणि हातापायांतील बळ काही तासांत किंवा दिवसांत जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ही शक्यता आणखी वाढते. त्यामुळे त्या घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे पाहून ठेवावीत.

दुसरे असे की डोके दुखते का? असल्यास क्षणात वीज पडावी तसे सुरू झाले का, उजेड सहन होतो का, उलटी झाली का, बोलण्यात असंबद्धता वाटते का? मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला किंवा त्या आवरणाला संसर्ग झाला, तरीही मान ताठ होते. मात्र तेव्हा हनुवटी छातीकडे नेणे सर्वांत अवघड जाते आणि मान बाजूला वळवणे तुलनेने सोपे राहते. आपण लिहिले आहे की मान वळत नाही. हनुवटी खाली किती जाते ते कळले तर फार उपयोग होईल. त्यांनी स्वतः, दुखेल तिथे थांबून, करून पाहावे. आपण हाताने जोर लावू नये.

याशिवाय गिळताना घशात दुखते का, दम लागला किंवा दरदरून घाम आला का, वजन घटले आहे का, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झाला होता का, आणि गुडघा, मनगट किंवा खांदा कधी अचानक सुजून लाल झाला होता का, हेही लिहावे. शेवटचा प्रश्न अवांतर वाटेल, पण तो मी मुद्दाम विचारत आहे. गावातील डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन स्टेरॉइडचे होते का, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे, कारण तसे असल्यास ताप उतरलेला दिसला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

मी डॉक्टर नाही. तरीही 'झटका देऊन मान मोकळी करतात' हे वाक्य वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची मान अचानक दुखू लागली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. दुखणे उजव्या बाजूला, मागे, कानाच्या खालच्या पातळीवर होते, आणि असे दुखणे यापूर्वी कधीच झाले नव्हते, हे तो पुन्हापुन्हा सांगत होता. आम्ही त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करायला गेला असताना त्याने तेथे मान कडकन मोडून घेतली. संध्याकाळी जेवताना त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, उभे राहताना तोल जाऊ लागला आणि घास गिळता येईना. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्याला रुग्णालयात नेले. तेथे मानेतील आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांचे सीटी अँजिओग्राफीने चित्र घेतले, तेव्हा मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे आतील अस्तर फाटले आहे आणि त्या जागी साकळलेल्या रक्तामुळे लहान मेंदूच्या एका भागाचा पुरवठा तुटला आहे, असे कळले. तो वाचला आणि आता कामावरही जातो, परंतु अंधारात चालताना त्याला आजही भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

ताई, आपल्या सासूबाईंचा आजार हाच असेल असे मी म्हणत नाही. एवढीच विनंती आहे की आपल्या दिरांना ही हकीकत वाचून दाखवावी.

निवृत्त फिजिशियन (मिरज)

कऱ्हाडच्या सद्गृहस्थांनी लिहिलेली हकीकत फार मोलाची आहे. तिला एक पुस्ती जोडतो. अशा रुग्णांमध्ये धमनी झटक्यामुळेच फाटली, की ती आधीच फाटू लागल्याने मान दुखत होती आणि म्हणून तो माणूस मान मोडून घ्यायला गेला, हे पुष्कळदा सांगता येत नाही. दोन्ही शक्यतांत झटका टाळणे हेच शहाणपणाचे ठरते. तरुण वयातील पक्षाघाताचे हे एक प्रमुख कारण आहे. धमनी मानेच्या पुढच्या बाजूची असेल तर त्या बाजूची पापणी किंचित खाली येते आणि डोळ्याची बाहुली लहान दिसते. दुखण्याच्या गडबडीत घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही.

फिजिओथेरपिस्ट (सांगली)

विरळणी आणि डिपिंगच्या (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या) हंगामात माझ्याकडे मानदुखीचे रुग्ण दरवर्षी येतात, म्हणून त्या बाजूने थोडे लिहिते.

मान तासन्‌तास वर ठेवून आणि हात खांद्याच्या वर उचलून काम केल्यावर जे स्नायू आखडतात, त्यांचे दुखणे सहसा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी जाणवते. ते मानेच्या बुडापासून खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत पसरलेले असते, बोटाने दाबल्यास नेमकी गाठ सापडते, शेकाने बरे वाटते आणि ताप येत नाही. झोपेतून उठताना मान एका बाजूला धरते, ज्याला आपण उसण भरली असे म्हणतो, त्यात डोके एका कुशीला कललेले राहते. एका दिशेला मान अजिबात जात नाही, पण विरुद्ध दिशेला बऱ्यापैकी जाते, आणि तीन-चार दिवसांत निम्मा आराम पडतो. आपल्या सासूबाईंची मान दोन्ही बाजूंना सारखीच अडली आहे आणि चौथ्या दिवशीही उतार नाही, ही बाब मला वेगळी वाटते.

गादी सरकून नस दबली असती तर दुखणे मानेत कमी आणि हातात अधिक असते. मुंग्या अंगठ्याकडे जातात की मधल्या बोटाकडे की करंगळीकडे, यावरून कोणती नस दबली आहे याचा अंदाज बांधता येतो. अशा रुग्णाला हात उचलून डोक्यावर ठेवला की बरे वाटते, आणि पुष्कळदा तो तपासणीच्या खोलीत येतानाच हात डोक्यावर ठेवून येतो. आपल्या वर्णनात हाताचा उल्लेखच नाही.

माझ्याकडे त्या आल्या असत्या तर मी व्यायाम किंवा ट्रॅक्शन (वजनाने मान ताणणे) यांपैकी काहीही न करता त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवले असते. ताप असलेली मानदुखी ही आमच्या टेबलावरची गोष्ट नव्हे.

द्राक्षमांडव (तासगाव तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. भाऊजींना कऱ्हाडची हकीकत वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच फोन करून शनिवारची गाडी रद्द केली.

डॉक्टरसाहेब, आपल्या प्रश्नांची उत्तरे अशी आहेत. हातांची पकड उत्तम आहे, हुकं लावता येतात, चालणे आणि लघवी पूर्वीप्रमाणेच आहे. डोक्याच्या मागच्या भागात जडपणा आहे, मात्र वीज पडल्यासारखे काही झाले नाही. उजेडाचा त्रास, उलटी किंवा असंबद्ध बोलणे नाही. हनुवटी छातीपासून तीन बोटांपर्यंत खाली जाते, दुखते पण जाते. वळवणे मात्र दोन्हीकडे अशक्य आहे. गिळताना त्रास नाही, दम किंवा घाम नाही, वजन घटलेले नाही, क्षयरोग किंवा कर्करोग कधी झालेला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. इंजेक्शन केवळ वेदनाशामक होते, असे डॉक्टरांनी सांगितले.

आपला शेवटचा प्रश्न वाचून मी थक्क झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा असाच एका रात्रीत सुजला होता, लाल झाला होता आणि बारीक तापही आला होता. सांगलीत गुडघ्यातील पाणी काढले आणि आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. त्या वेळचा एक्स-रे कपाटात सापडला. गुडघ्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मधोमध एक पांढरी बारीक रेघ दिसते आणि अहवालात 'कूर्चेत कॅल्शियमचा थर' असे लिहिले आहे. त्याचा मानेशी काही संबंध आहे का?

निवृत्त फिजिशियन (मिरज)

संबंध असण्याची दाट शक्यता आहे.

मानेचा दुसरा मणका इतर मणक्यांपेक्षा वेगळा असतो. त्याला वर दातासारखा एक उंचवटा असतो आणि पहिला मणका त्या दाताभोवती, जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरावी तसा फिरतो. आपण मान वळवतो त्यातील सुमारे निम्मे वळण या एकाच जोडावर होते. काही वयस्कर व्यक्तींच्या सांध्यांत कॅल्शियम पायरोफॉस्फेट नावाच्या क्षाराचे स्फटिक साठतात. बहुतेक वेळा ते गुडघ्यात किंवा मनगटात असतात, आणि तेथे ते एखाद्या दिवशी भडकले की गाऊटसारखी सूज येते. तेच स्फटिक या दाताभोवतीच्या अस्थिबंधांत साठून भडकले, तर एका रात्रीत मानेच्या वरच्या भागात असह्य वेदना सुरू होतात, मान वळणे बंद होते आणि बारीक ताप येतो. चित्रात दाताभोवती कॅल्शियमचा मुकुट चढवल्यासारखा दिसतो, म्हणून या आजाराला 'क्राउन्ड डेन्स सिंड्रोम' असे नाव पडले. साठ-सत्तरीच्या पुढील व्यक्तींमध्ये, त्यातही स्त्रियांमध्ये, तो अधिक दिसतो. विरळणीच्या कामाचा यात फारसा दोष नसावा.

वय, एका रात्रीत झालेली सुरुवात, वळण बंद होणे, ताप आणि गुडघ्याचा इतिहास या पाच गोष्टी एका माळेत बसतात. तरीही हे मी रुग्णाला न पाहता लिहीत आहे. संसर्ग नाही याची खात्री झाल्याशिवाय हे निदान कोणी मान्य करू नये, कारण त्याची नक्कल मेंदूच्या आवरणाचा संसर्ग आणि मणक्यातील पू हे दोन्ही आजार करतात.

म्हणून उद्या सकाळीच त्यांना अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन दोन्ही असलेल्या रुग्णालयात न्यावे. मिरजेत आणि सांगलीत शासकीय रुग्णालयेही आहेत. आधी डॉक्टरांनी तपासावे. नंतर रक्तातील पांढऱ्या पेशी, तसेच शरीरात दाह किती आहे हे दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या पाहाव्यात. या आजारात सीआरपी बराच वाढतो, त्यामुळे तो वाढलेला दिसला म्हणजे संसर्गच आहे असे नव्हे, आणि वाढलेला नसेल तर मी माझ्या अंदाजाचा फेरविचार करीन. ताप असल्याने रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी) करावे की नाही, हे तेथील डॉक्टर ठरवतील. वय पाहता ईसीजीही काढून घ्यावा; त्याला फारसा वेळ लागत नाही. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन अवश्य पाहावे, कारण पुढील औषधे त्यावर ठरतील. त्यानंतर मानेच्या वरच्या भागाचा साधा सीटी स्कॅन करावा. साध्या एक्स-रेत जबड्याची आणि कवटीची हाडे आड येतात, तर एमआरआयमध्ये कॅल्शियम नीट उमटत नाही. हा मुकुट सीटीवरच स्पष्ट दिसतो. एमआरआयची गरज हातापायांत कमजोरी आली किंवा पू झाल्याची शंका आली तर पडेल. गुडघ्याचा जुना एक्स-रे सोबत न्यायला विसरू नये.

वाटेत किंवा रात्री हातपाय लुळे पडले, शुद्ध हरपू लागली, बोलणे जड झाले किंवा ताप एकदम चढला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

द्राक्षमांडव (तासगाव तालुका)

काल त्यांना मिरजेला नेले. सीआरपी ११२, म्हणजे बराच वाढलेला आला, पांढऱ्या पेशी किंचित वाढलेल्या आहेत, ईसीजी व्यवस्थित आहे. सीटी स्कॅनमध्ये दुसऱ्या मणक्याच्या दाताच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कॅल्शियमचे थर दिसले. तेथील डॉक्टरांनी संगणकावर ते चित्र आम्हाला दाखवले. पांढऱ्या कमानीसारखे ते मलाही ओळखता आले. हाड झिजलेले किंवा पोखरलेले नाही आणि पू असल्याचे चिन्ह नाही. रक्ताच्या कल्चरचा अहवाल अजून यायचा आहे. त्यांना तेथेच ठेवून घेतले आहे.

एक अडचण अशी आहे की क्रिएटिनिन १.६, म्हणजे वाढलेले आले आहे. त्यामुळे तालुक्याला दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आणि कोल्चिसिन ही स्फटिकांमुळे आलेला दाह कमी करणारी गोळी कमी मात्रेत सुरू केली. सासूबाई विचारतात की दुखणे एवढे मोठे आणि गोळी एवढी लहान कशी? घरी आणल्यावर आम्ही कशाकडे लक्ष ठेवावे?

निवृत्त फिजिशियन (मिरज)

तेथील डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असताना सामान्य वेदनाशामक गोळ्या ते आणखी बिघडवतात, आणि कोल्चिसिनही शरीरात अधिक काळ राहते, म्हणून मात्रा लहान ठेवावी लागते. जुलाब किंवा स्नायूंत अशक्तपणा सुरू झाल्यास गोळी चालू ठेवून वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचे प्रतिजैविक या गोळीबरोबर धोकादायक ठरते. पुढे खोकल्या-तापासाठी कोणी औषध लिहून देत असेल तर कोल्चिसिन चालू असल्याचे आधी सांगावे. पुरेसा आराम पडला नाही तर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देता येते, परंतु कल्चरचा अहवाल हाती येईपर्यंत डॉक्टर बहुधा थांबतील, आणि थांबावेच.

रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का ते पाहून घ्यावे. अशी काही औषधे शरीरातील मॅग्नेशियम कमी करतात आणि ते कमी झाले की हे स्फटिक साठण्यास मदत होते. एकदा रक्तातील मॅग्नेशियम तपासावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

गळपट्टा दुखणे उतरेपर्यंत काही दिवसच वापरावा. आराम साधारणपणे काही दिवसांत सुरू होतो आणि एक-दोन आठवड्यांत मान बऱ्यापैकी वळू लागते. दोन आठवड्यांनी सीआरपी पुन्हा पाहावा. तो उतरला नसेल, ताप परत आला किंवा हातात कमजोरी जाणवली, तर हे निदान बाजूला ठेवून एमआरआय करावा लागेल.

फिजिओथेरपिस्ट (सांगली)

दुखणे उतरल्यावर मान हलवण्याचे हलके व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीने सुरू करावेत, त्याआधी नको. या हंगामातील उरलेली विरळणी सासूबाईंनी करू नये. पुढील वर्षी त्यांनी बागेत जायचे म्हटले तर घड डोळ्यांच्या पातळीला येतील असा उंच पाट किंवा स्टूल मांडवाखाली द्यावा आणि अर्ध्या तासाने त्यांना खाली बसवावे.

द्राक्षमांडव (तासगाव तालुका)

कल्चरमध्ये काहीही वाढले नाही. ताप दोन दिवसांपासून नाही. आज सकाळी त्या कोणाचाही आधार न घेता उशीवरून उठल्या. मान उजवीकडे थोडी वळते, डावीकडे अजून अडते. रक्तदाबाच्या गोळीच्या वेष्टनाचे छायाचित्र तेथील डॉक्टरांना दाखवले आहे आणि मॅग्नेशियमची तपासणी उद्या होणार आहे.